आउटेज म्हणजे नेमकं काय? लाइट जाणं, लोडशेडिंग, शटडाउन, सर्व्हर डाउन, सगळं एकच का?

बालाघाट_पायथा

मंडळी, नमस्कार. बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं सेवा केंद्र आहे. सातबारा, पीक विमा, आधार, शिष्यवृत्तीचे फॉर्म अशी कामं. गावचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही मीच सांभाळतो.

हल्ली मोबाइलवर वीज कंपनीचे मेसेज येतात. कधी ‘प्लॅन्ड आउटेज’, कधी ‘इमर्जन्सी आउटेज’, कधी नुसतंच ‘११ केव्ही फीडरवर आउटेज’. लोक तो मेसेज जसाच्या तसा मला पाठवतात आणि खाली विचारतात, “भाऊ, हे काय म्हणायलेत? लाइट जायलीय का यायलीय?” तिकडे पोर्टल बंद पडलं की तिथंही पडद्यावर आउटेजच. परवा बँकेच्या मेसेजमध्येही तोच शब्द होता.

ग्रुपवर सगळ्याला ‘लाइट नाही’ एवढंच लिहून भागत नाही. गिरणीवाल्याला कळायला हवं की दळण आता घ्यायचं का उद्या बोलवायचं. उसाला पाळी द्यायची असेल त्याला रात्री जागायचं का झोपायचं ते ठरवायचं असतं. म्हणून विचारतो, आउटेजचा नेमका अर्थ काय? लोडशेडिंग त्यात धरायचं का? आणि मराठीत काय लिहावं, की वाचणाऱ्याला पुढचं ठरवता येईल?

उपकेंद्र_निवृत्त

प्रश्न चांगला काढलात. ३३/११ केव्ही उपकेंद्रात ऑपरेटर म्हणून माझी नोकरी गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वीज क्षेत्रात आउटेज ही मुळात यंत्राची अवस्था आहे. लाइन, रोहित्र म्हणजे ट्रान्सफॉर्मर, ब्रेकर, वीजनिर्मिती केंद्रातला एखादा संच, यांतलं काहीही सेवेत नसेल तर ते आउटेजवर आहे. ग्राहकाची वीज गेली का, हा त्यानंतरचा प्रश्न, आणि त्याला वेगळा शब्द आहे, इंटरप्शन, म्हणजे पुरवठ्यात खंड. उपकेंद्रात दोन पॉवर ट्रान्सफॉर्मर असतील आणि लोड कमी असताना त्यातला एक ऑइल तपासायला बंद केला, तर तो आउटेजवर आहे. पण सगळा भार दुसऱ्याने उचलला, तर गावात एकाही घरचा दिवा जात नाही. म्हणजे आउटेज आहे, खंड नाही. तुमच्या मोबाइलवर येतो तो मेसेज मात्र तुमच्या घरच्या खंडाबद्दल असतो आणि त्याला नाव आउटेजचं असतं. गोंधळ तिथूनच सुरू होतो.

आता प्रकार. प्लॅन्ड म्हणजे ठरवून घेतलेलं. पावसाळ्याआधी तारांवर आलेल्या फांद्या तोडायच्या, सैल तारा ओढायच्या, जंपर (तारांना जोडणारे तुकडे) बदलायचे, खराब इन्सुलेटर काढायचे, यासाठी लाइन बंद करतात. खात्यात याला ‘शटडाउन घेतला’ म्हणतात. लाइनवर चढणाऱ्याच्या नावावर परमिट निघतं. ते परमिट त्याच माणसाने परत दिल्याशिवाय ऑपरेटरने लाइन चालू करायची नसते, मग फोन कुणाचाही येवो. काम लवकर उरकलं तरी परमिट परत येईपर्यंत लाइट येत नाही, याचं कारण हेच. ग्रुपवर कुणी “काम तर झालंय, टाका की लाइट” असं लिहिलं, तर त्याला हे नक्की सांगा. खांबावर माणूस असतो.

फोर्स्ड म्हणजे आपोआप ओढवलेलं. साप, माकड किंवा खारीमुळे शॉर्ट झालं, तार तुटली, डीपी म्हणजे गावातलं रोहित्र जळालं. पहिल्या पावसात ट्रिपिंग, म्हणजे लाइन आपोआप बंद पडणं, फार होतं. त्याला कारण आहे. चिनी मातीचे पिन इन्सुलेटर उन्हाळाभर तापलेले असतात, त्यावर गार पाणी पडलं की तडे जातात. तड्यात पाणी शिरतं आणि करंट खांबावाटे जमिनीत उतरतो. उपकेंद्रात रिले (बिघाड ओळखणारं उपकरण) पडतो, ब्रेकर उघडतो, आम्ही लॉगशीटमध्ये वेळ लिहून पुढे ‘ई.एफ.’ लिहितो, म्हणजे ‘अर्थ फॉल्ट’, करंट जमिनीत उतरला. मग ट्रायल घ्यायची, म्हणजे लाइन पुन्हा चालू करून बघायची. फीडर, म्हणजे उपकेंद्रातून गावाकडे निघणारी लाइन, उभा राहिला तर ठीक. पुन्हा पडला की लाइनमनने खांबावरचे एबी स्विच उघडून लाइनचे तुकडे करायचे आणि एकेक तुकडा चालू करत फॉल्ट कुठं आहे ते शोधायचं. तुमच्याकडे लाइट दोनदा येऊन दोनदा जाते, ती याच वेळी.

‘इमर्जन्सी आउटेज’ या दोन्हींच्या मधलं आहे. लाइन अजून चालू असते, पण जंपर लाल झालेला दिसतो किंवा तार लोंबकळायला लागलेली असते. थांबलं तर तुटणार. म्हणून आधी न कळवता बंद करून दुरुस्त करतात.

लोडशेडिंग यात बसत नाही. त्यात लाइन चांगली असते, डीपी चांगली असते, आउटेजवर काहीच नसतं. वीजच कमी असते, म्हणून ठरवून फीडर बंद ठेवतात. भारनियमन हा त्याचा खात्यातला शब्द आणि तो बरोबर आहे.

मांजराकाठ

काका, माहिती बहुमोल आहे. पण घरात बसलेल्याला अंधार तो अंधार. त्याने हे प्रकार कशासाठी लक्षात ठेवायचे?

उपकेंद्र_निवृत्त

कारण प्रत्येक प्रकारात तुमचा हक्क वेगळा आहे.

केंद्र सरकारने २०२० मध्ये वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम आणले. ठरवून बंद ठेवायचं असेल तर ग्राहकाला आधी कळवायचं, आणि अचानक बिघाड झाला तर ताबडतोब मेसेज करून वीज अंदाजे केव्हा येईल तेही सांगायचं, हे त्या नियमांत आहे. पुरवठा २४ तास असावा असंही त्यातच म्हटलंय. मात्र शेतीसारख्या वर्गासाठी कमी तास ठरवायची मुभा नियामक आयोगाला आहे. म्हणून शेतीच्या फीडरवर चक्राप्रमाणे वीज नाही, तर त्याची बिघाड म्हणून तक्रार होत नाही. गावठाण म्हणजे वस्तीच्या फीडरवर नाही, तर होते.

दुसरं, राज्य वीज नियामक आयोगाची ‘कृतीची मानकं’ आहेत. कुठला बिघाड किती वेळात दुरुस्त व्हायला हवा ते त्यात ठरवून दिलंय. रोहित्र जळालं तर ग्रामीण भागात ४८ तास. वेळ पाळली नाही तर भरपाईची तरतूद आहे. वादळ, पूर अशा आपत्तीत सूट मिळते. आता बघा, डीपी जळालेली असताना तुम्ही ग्रुपवर ‘लोडशेडिंग चालू आहे’ असं लिहिलं, तर कुणी तक्रारच नोंदवणार नाही. सगळे वेळापत्रक संपायची वाट बघत बसतील. इकडे तुमचे ४८ तास मोजायला सुरुवातच होत नाही.

पूर्णा_जंक्शन

लोडशेडिंगवरून आठवलं. आमच्या पिढीने शाळेचे दिवस त्यातच काढले. २००५ ते २०१२ या काळात फीडरचे गट पाडले होते, ए पासून जी पर्यंत. जिथे गळती जास्त आणि वसुली कमी, तिथे बंदचे तास जास्त. मराठवाड्यातले कितीतरी फीडर शेवटच्या गटांत असायचे. एकाच गावात बिल वेळेवर भरणारा आणि आकडा टाकणारा, दोघांनाही अंधार सारखाच. त्याला आउटेज म्हटलं असतं तर सगळा दोष यंत्रावर गेला असता. तो निर्णय होता आणि कागदावर ठरवलेला होता. म्हणून लोडशेडिंगला आउटेज म्हणू नये, या मताला माझा पाठिंबा.

आणि परळीचं उदाहरण तर घरचंच. २०१३ च्या दुष्काळात औष्णिक केंद्राला पाणी उरलं नाही आणि संच बंद ठेवावे लागले. २०१५ मध्ये पुन्हा तेच. खडका बंधाऱ्यात पाणी नाही तर बॉयलरला कुठून येणार? संच धडधाकट, कोळसा उपलब्ध, पण पाणी नाही. काका, हे प्लॅन्ड का फोर्स्ड?

उपकेंद्र_निवृत्त

वीज केंद्राच्या हिशेबात संच उपलब्ध नाही एवढं नक्की. पण त्याच दिवशी परळीच्या घराघरांतले दिवे चालू राहू शकतात, कारण वीज ग्रिडमधून, म्हणजे सगळ्या केंद्रांना जोडणाऱ्या तारांच्या जाळ्यातून येते. कोराडीची असो, चंद्रपूरची असो, तारेत आल्यावर तिचं गाव कळत नाही. निर्मितीतलं आउटेज आणि आपल्या घरचा खंड यांच्यात असं अंतर असतं.

उलट टोकाचं उदाहरण २०१२ चं. ३० आणि ३१ जुलैला उत्तरेकडचं ग्रिड कोसळलं. दुसऱ्या दिवशी पूर्व आणि ईशान्य भागही गेला आणि साठ कोटींच्या वर लोकांची वीज गेली. सुरुवात बीना–ग्वाल्हेर या ४०० केव्ही लाइनपासून झाली. जोडीची लाइन आधीच कामासाठी बंद होती, म्हणजे प्लॅन्ड आउटेजवर, आणि सगळा भार उरलेल्या एकीवर आला होता. ती पडली आणि पुढचं सगळं कोसळत गेलं. आपलं पश्चिम ग्रिड वेगळं झालं म्हणून महाराष्ट्र वाचला. असं सगळंच्या सगळं कोसळतं, त्याला ब्लॅकआउट म्हणतात.

भाषा_परभणी

शब्दाबद्दल थोडं. इंग्रजीत ‘आउट’ला ‘एज’ प्रत्यय लागून तो बनला, ‘शॉर्टेज’च्या चालीवर. विजेच्या अर्थाने तो अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुळला. आणखी एक अर्थ आपल्याकडच्या टँकरवाल्यांच्या कामाचा आहे. तेलाची टाकी काठोकाठ भरत नाहीत, उष्णतेने तेल फुगतं म्हणून वर जागा सोडतात. त्या मोकळ्या जागेलाही आउटेज म्हणतात. दोन्हीकडे भाव एकच, जे असायला हवं होतं ते तितकं नाही.

‘आउटरेज’ वेगळा, त्याचा अर्थ संताप किंवा घोर अन्याय. बातम्यांत एका ‘र’मुळे अर्थ उलटापालटा झालेला मी वाचलाय, तेव्हा टाइप करताना जपा.

मराठीत याचं लिंग अजून ठरलेलं नाही. ‘आउटेज झाला’, ‘आउटेज झालं’ दोन्ही ऐकू येतं. मला नपुंसकलिंग बरं वाटतं, काकांनीही तसंच वापरलंय. क्रियापद मात्र नीट निवडावं. ठरवून केलेलं ‘घेतलं’, ओढवलेलं ‘झालं’. ‘शटडाउन घेतला’ आणि ‘ब्रेकडाउन झाला’ असं लाइनमन सहज बोलतो, त्या दोन क्रियापदांत सगळा फरक येतो. ग्रुपवर लिहिताना इंग्रजी शब्द टाळायचाच असेल तर ‘कामासाठी वीज बंद ठेवली आहे’ आणि ‘बिघाडामुळे वीज गेली आहे’ अशी दोन वाक्यं पुरे. ‘वीजपुरवठा खंडित’ हा वर्तमानपत्री शब्द दोन्हीकडे बसतो, म्हणूनच त्यातून वाचणाऱ्याला पुरेसं कळत नाही.

किनवट_आरोग्य

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करते. आमच्याकडे लसीचा फ्रिज असतो, त्याला आयएलआर म्हणतात. भिंतींत बर्फाचं अस्तर असतं, आत २ ते ८ अंश सेल्सिअस ठेवायचं. दिवसाच्या २४ तासांत ८ तास वीज मिळाली तरी तो तापमान धरून राहतो. वरून उघडणारं झाकण असतं, कारण गार हवा जड असते, झाकण उघडलं तरी ती खालीच बसते. रोज सकाळ-संध्याकाळ तापमान लिहायचं, आणि वीज किती वेळ नव्हती तेही नोंदवायचं.

आमच्यासाठी ‘का गेली’ यापेक्षा ‘किती वेळ’ महत्त्वाचं. दोन तासांचं काम असेल तर झाकण बंद ठेवायचं आणि हात लावायचा नाही. डीपी जळाली असेल, उद्यापर्यंत येणार नसेल, तर बर्फाचे पॅक आणि कोल्ड बॉक्स तयार करून लसी हलवायची तयारी आत्ताच करावी लागते. काही लसी गोठल्या तरी वाया जातात, म्हणून घाईने थेट बर्फावर ठेवूनही चालत नाही, पॅकला पाणी सुटू द्यावं लागतं. दादा, ग्रुपवर अंदाजे वेळ नक्की लिहीत जा. आमचं सगळं त्यावर चालतं.

सिस्टीमवाला_संभाजीनगर

पोर्टल आणि बँकेबद्दल मी सांगतो, माझं काम सर्व्हरवरच आहे.

संगणकात आउटेज म्हणजे सेवा वापरता न येणं, किंवा निम्मीअर्धी येणं. डाउनटाइम म्हणजे ती किती वेळ बंद होती ते माप. ‘मेन्टेनन्स विंडो’ म्हणजे वीजवाल्यांचा शटडाउन, रात्री दोन-तीनला घेतात तो. कंपन्या करारात उपलब्धतेची टक्केवारी देतात. ९९.९ टक्के ऐकायला मोठं वाटतं, पण वर्षाच्या ८७६० तासांचा हिशेब केला तर पावणेनऊ तास बंद राहिलं तरी करार पाळलाच जातो. ते पावणेनऊ तास जानेवारीतल्या रात्री जातात का अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी, हे त्या आकड्यात कुठेच नसतं.

आणि बंद पडायला तार तुटावी लागत नाही. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम जवळपास सहा तास गेलं होतं. सर्व्हर जागेवर चालू होते, पण देखभालीच्या एका चुकीच्या आदेशाने त्यांच्यापर्यंत जाणाऱ्या वाटाच इंटरनेटवरून पुसल्या गेल्या. १९ जुलै २०२४ ला तर सायबर सुरक्षेच्या क्राउडस्ट्राइक कंपनीचं सदोष अपडेट गेलं आणि जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले. आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. यंत्रात बिघाड नव्हता, हल्लाही नव्हता, सुरक्षेसाठीच पाठवलेलं अपडेट होतं. दुरुस्ती दीड तासाच्या आत तयार झाली, पण प्रत्येक मशीनपाशी माणूस जाऊन ती चालू करायला कितीतरी दिवस लागले. यूपीआय २६ मार्च आणि १२ एप्रिल २०२५ ला देशभर अडखळलं, ते तर सगळ्यांनी अनुभवलंय.

अर्धवट बंद पडणं हा सगळ्यात वाईट प्रकार. पूर्ण बंद असेल तर माणूस उठून घरी जातो. अर्धवट असेल तर दिवसभर आशेवर बसतो.

बालाघाट_पायथा

अर्धवटाबद्दल अगदी बरोबर बोललात. एका पोर्टलवर शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी हेच होतं. मुख्य पान उघडतं, सातबाऱ्याचा गट नंबर टाकला तर क्षेत्र दिसतं, आणि ओटीपीवर येऊन थांबतं. समोर म्हातारा माणूस मोबाइल हातात घेऊन बसलेला, दर मिनिटाला म्हणतो, “आला नाही बघा अजून.” ओटीपी येतो तेव्हा त्याची मुदत संपलेली. आम्ही म्हणतो ‘सर्व्हर डाउन’. पण तो ओटीपीचा घोळ आहे, का गावातल्या टॉवरचा, का पोर्टलचा, हे त्याला सांगता यायला हवं. नाहीतर तो उद्या पुन्हा वीस किलोमीटरवरून यायचा.

सिस्टीमवाला_संभाजीनगर

यासाठी साधी पडताळणी करा. तेच पान मोबाइलच्या डेटावर उघडून बघा, वायफाय सोडून. तिथे चालत असेल तर अडचण तुमच्या लाइनची. दुसऱ्या कंपनीच्या सिमवर ओटीपी येतोय का ते बघा. एकावर येतो आणि एकावर नाही, तर टॉवर किंवा मेसेज पोचवणारी यंत्रणा. कुठेच येत नसेल आणि दुसऱ्या तालुक्यातल्या केंद्रवाल्याचीही तीच बोंब असेल, तर पोर्टल. आणि पडद्याचा फोटो काढून ठेवा, तारीख-वेळ दिसेल असा. मुदतवाढीची मागणी होते तेव्हा तो कागद उपयोगी पडतो.

टॉवरचं आणखी एक. गावची लाइट गेली की टॉवर बॅटरीवर जातो. बॅटरी काही तासांची, पुढे डिझेल असेल तर जनरेटर. म्हणून सकाळी लाइट गेलेली असते आणि नेटवर्क दुपारी जातं. लोकांना ती दोन वेगळी संकटं वाटतात.

तुळजापूर_कोरडवाहू

शेतकऱ्याच्या बाजूने बोलतो. लाइट गेली यापेक्षा लाइट ‘डिम’ आली की आमचं जास्त नुकसान होतं. पंखा रांगतो, बल्ब लालसर जळतो, मोटार गुरगुरते आणि उचलत नाही. वायंडिंग जळालं की मोटार बोअरमधून वर काढा, पाइप काढा, रिवाइंडिंगला न्या, चार-पाच हजार गेले. आणि तोवर पीक उन्हात. तीनपैकी एक फेज गेला तरी तेच. हे आउटेजमध्ये मोजतात का?

उपकेंद्र_निवृत्त

डिमला इंग्रजीत ब्राउनआउट म्हणतात, कमी दाब. तो पुरवठ्याच्या गुणवत्तेत मोजतात, खंडात नाही. पण तक्रार करता येते आणि करायलाच हवी. तक्रारीत ‘लाइट नाही’ असं लिहू नका, ‘दाब कमी आहे’ किंवा ‘एक फेज नाही’ असं लिहा. एक फेज नाही म्हणजे बहुतेक वेळा डीपीवरची फ्यूज किंवा डीओ (खांबावरची वरची फ्यूज) गेलेला असतो, ते काम वेगळं. ती फ्यूज स्वतः टाकायला जाऊ नका, त्यात दरवर्षी माणसं जातात. मोटारीला सिंगल फेज प्रिव्हेंटर लावा, एक फेज गेला की तो मोटार बंद करतो.

आणि ऑटो स्विच. स्टार्टरला ऑटो लावून ठेवतात, म्हणजे लाइट आली की मोटार आपोआप चालू. एकट्याने लावला तर सोय आहे. पण एका डीपीवरच्या सगळ्यांनी लावला की लाइट येताक्षणी सगळ्या मोटारी एकदम उचलतात. सुरू होताना मोटार तिच्या नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, डीपीला ते झेपत नाही. फ्यूज उडते किंवा डीपीच जाते. मी ट्रायल घ्यायचो आणि फीडर त्या क्षणी पडायचा, तेव्हा लाइनवर फॉल्ट नसायचा, हे ऑटो असायचे. रात्री शेतात जावं लागतं, साप-विंचू असतात, म्हणून माणूस ऑटो लावतो, हे मी समजू शकतो. पण लाइट आल्यावर थोड्या थोड्या अंतराने मोटारी चालू करा आणि मोटारीला कपॅसिटर बसवा. डीपी वर्षानुवर्षं टिकेल.

जायकवाडी_पाणी

एक बाजू राहिली, पाण्याची. छत्रपती संभाजीनगरला पाणी जायकवाडीतून येतं, जुन्या ७०० मिमी आणि १४०० मिमीच्या वाहिन्यांतून वर्षानुवर्षं आलं. पंपगृहाची वीज थोडा वेळ गेली तरी शहरात त्याचा परिणाम दिवसभर, कधी त्याहून जास्त राहतो. पंप थांबले की वाहिनीतला प्रवाह थांबतो. पुन्हा सुरू करताना एकदम पूर्ण दाब देता येत नाही, पाण्याचा धक्का बसून पाइप फुटू शकतो. मग जलकुंभ भरायला उशीर, आणि ज्या वॉर्डाचा टप्पा होता तो पुढे ढकलला. आधीच काही दिवसांआड पाणी, त्यात टप्पा हुकला की बाई हंडे घेऊन टँकरमागे. विजेच्या नोंदीत हा खंड काही मिनिटांचा, नळाच्या नोंदीत दिवसांचा. म्हणून ‘सेवा बंद’ म्हणताना कुठली सेवा, हे धरावंच लागतं.

बालाघाट_पायथा

सगळ्यांचे मनापासून आभार. ग्रुपसाठी मी असा मजकूर ठरवतोय, बघून सांगा.

कामासाठी: “गावठाण फीडरवर तारांचं काम आहे. वीज सकाळी १० ते दुपारी २ बंद राहील. खांबावर माणसं आहेत, काम संपेपर्यंत फोन करू नका.”

बिघाडासाठी: “गावठाण फीडर बिघाडामुळे बंद आहे. शोध चालू आहे. मध्ये लाइट येऊन पुन्हा जाऊ शकते, फ्रिज-टीव्हीचं बटन बंद ठेवा. अंदाजे वेळ कळली की टाकतो.”

डीपीसाठी: “शाळेजवळची डीपी जळाली आहे. तक्रार नोंदवली आहे, नंबर खाली देतो. आरोग्य केंद्राने नोंद घ्यावी.”

लोडशेडिंगसाठी: “भारनियमन आहे, बिघाड नाही.” आणि खाली वेळापत्रक.

उपकेंद्र_निवृत्त

छान. दोन दुरुस्त्या. डीपीच्या मजकुरात तक्रार नोंदवल्याची वेळही टाका, नंबर एकटा पुरत नाही. १९१२ वर फोन केला की नंबर मिळतो, तो आणि वेळ एकत्र लिहून ठेवा. आणि पहिल्यात ‘दुपारी २ पर्यंत’ असं पक्कं लिहू नका, ‘अंदाजे २’ लिहा. लोक घड्याळ बघून तारेला हात लावतात. लाइट बंद असो वा चालू, पडलेली तार जिवंतच समजायची.

हिंगोली_हळद

धागा वाचला, एक शंका. आमच्या शेतीचा फीडर आता सौर वाहिनी योजनेत आलाय. उपकेंद्राजवळ पॅनेलं बसली, दिवसा वीज मिळते. पण मागच्या आठवड्यात लख्ख ऊन होतं, पॅनेलं समोर चमकत होती आणि फीडरला वीज नव्हती. ऊन असताना सौर प्रकल्प आउटेजवर कसा? आणि ढग आले तर त्याला काय म्हणायचं?

उपकेंद्र_निवृत्त

ढग आले की निर्मिती कमी होते, ते आउटेज नाही. तुमचा प्रकल्प उपकेंद्राला जोडलेला आहे, त्यामुळे कमी पडलेली वीज ग्रिडमधून येते.

ऊन असून वीज नव्हती त्याचं कारण वेगळं. लाइन बिघाडाने किंवा परमिटसाठी बंद झाली की सौर प्रकल्पाचा इन्व्हर्टर क्षणात स्वतःहून थांबतो. त्याला तशीच रचना दिलेली असते. तो चालू राहिला तर ऑपरेटरने बंद केलेल्या लाइनमध्ये पॅनेलांकडून करंट येईल आणि वर चढलेला लाइनमन जाईल. घराच्या छतावर ग्रिडला जोडलेलं सोलर असतं तेही याच कारणाने लाइट गेली की थांबतं, बॅटरीची वेगळी सोय नसेल तर. म्हणजे त्या दिवशी आउटेजवर तुमची लाइन होती, पॅनेलं ठीक होती. तुमच्या लाइनमनला विचारा, त्या दिवशी परमिट होतं का फॉल्ट.

हिंगोली_हळद

विचारलं काका. परमिट होतं. कॅनॉलच्या बाजूचे दोन वाकलेले खांब बदलायलेत. उद्याही सकाळी अकरापासून बंद आहे.